मुलगा ‘कोचिंग’ करणार म्हणतो, पण क्लासचं नव्हे

ताई,
आम्ही मूळचे सांगलीचे, गेली पंचवीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. मुलगा इथलाच जन्माचा, आता बावीस वर्षांचा. शाळेत असताना त्याला फुटबॉलचं वेड लागलं, म्हणजे इथल्या फुटबॉलचं. कॉलेजात शिष्यवृत्ती नसताना ‘वॉक-ऑन’ म्हणून संघात शिरला. चार वर्षं पहाटे उठून व्यायाम, अंगभर ठणका, आणि चार वर्षांत सामन्यात प्रत्यक्ष खेळला अकरा स्नॅप, म्हणजे अकरा डाव. आकडा त्यानेच सांगितलाय. घरच्या शेवटच्या सामन्याला ‘सीनियर डे’ असतो, आईवडिलांना मैदानात बोलावतात. आम्ही गेलो. सामनाभर हा टोपी उलटी घालून कडेला उभा, आतल्या मुलांना हातवारे करून खुणा देत होता. मला रडू आलं. ह्यांना तर फारच लागलं.
अकाउंटिंगची पदवी चांगल्या मार्कांनी झालीय, मोठ्या कंपनीची नोकरी हातात आहे. आणि आता म्हणतो, मला कोच व्हायचंय. त्याच्या संघाचे डिफेन्सचे कोच शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात गेले, त्यांनी ‘ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून ये’ असं सांगितलंय. पगार किती विचारलं तर नुसता हसला. ह्यांनी पंधरा दिवस अबोला धरलाय. म्हणतात, जो स्वतः खेळला नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? सांगलीला आत्याबाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, ‘कोचिंग? बरं की! जेईईचं का नीटचं?’
त्यांना काय सांगू? आणि त्याला काय सांगू?
– एक आई, शार्लट

*

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत्याबाईंमुळे हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं ते त्या हातवाऱ्यांसाठी. तुम्ही ते ओझरतं लिहिलंत, पण मला सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं.

मी दक्षिणेतल्या एका विद्यापीठात अठरा वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. तिथे शनिवारी फुटबॉल आणि रविवारी चर्च. तिसऱ्या गोष्टीला गावात जागा नव्हती. सुरुवातीला मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसे. पण माझ्या वर्गात दर वर्षी एक-दोन ‘जीए’ बसायचे, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, पदव्युत्तर शिकता शिकता कोचांच्या हाताखाली राबणारे, तुमचा मुलगा जे होऊ पाहतोय ते. त्यांच्यामुळे शिकले. तेव्हा आधी त्या खुणांबद्दल.

डिफेन्सच्या कोऑर्डिनेटरने, म्हणजे बचावाचे डाव ठरवणाऱ्या कोचने, कानातल्या हेडसेटवर डाव सांगायचा, तो कडेच्या पोराने ऐकायचा, आणि समोरचा संघ चेंडू उचलायच्या आत हातांनी आतल्या अकरांपर्यंत पोचवायचा. दोन डावांमध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ चालू असतं, त्यातले निम्मे तर माणसं आत-बाहेर होण्यातच जातात. एक खूण चुकली तर सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, डावीकडे धावतो, चेंडू उजवीकडे जातो आणि सहा गुण पडतात. हे काम ज्याला सगळं पुस्तक तोंडपाठ आहे त्याच्याकडेच देतात. खुणा चोरल्या जातात म्हणून २०२४ पासून मोठ्या विद्यापीठांच्या संघांना एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायची परवानगी मिळाली, यावरून या खुणांची किंमत तुमच्या लक्षात येईल. कोऑर्डिनेटर नव्या गावी जाताना सोबत कोणाला न्यायचं याचा विचार करतो, तेव्हा त्याला या अकरा स्नॅपशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर तो टोपी उलटी घातलेला मुलगा असतो. तुम्ही दोघं ज्या वेळी मान खाली घालून बसला होतात, त्या वेळी तुमच्या मुलाची मुलाखत चालू होती.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न: जो खेळला नाही तो शिकवणार काय? सांगलीचा माणूस हा प्रश्न विचारतो याचं मला नवल वाटतं. तालमीत सगळे वस्ताद हिंदकेसरी होते का? आचरेकर सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून कोण गेलं ते सांगायला नको. पण इथलंच उदाहरण हवं असेल तर तुमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर क्लेम्सन विद्यापीठ आहे. तिथल्या मुख्य कोचची, डॅबो स्विनीची गोष्ट यजमानांना सांगा. मात्र पूर्ण सांगा. लोक तिचा शेवट तेवढा सांगतात.

खरं नाव विल्यम ख्रिस्तोफर. थोरल्या भावाला ‘दॅट बॉय’ म्हणता येईना, त्याचं ‘डॅबो’ झालं. अलाबामा राज्यातल्या पेलममध्ये वाढला. घरची घडी विस्कटलेली. अलाबामा विद्यापीठात वॉक-ऑन म्हणूनच शिरला, तुमच्या मुलासारखा. आई टस्कलूसा या विद्यापीठाच्या गावातल्या त्याच्या विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडात राहायला आली आणि तिथून त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमला नोकरीला ये-जा करायची. १९९० ते १९९२ या तीन हंगामांत त्याने पकडलेले पास किती? सात. यार्ड ८१. १९९२ साली अलाबामा राष्ट्रीय विजेता झाला, त्या संघात हा होता, पण त्या विजयाच्या बातम्यांत त्याचं नाव शोधायला भिंग लागेल.

१९९३ साली मुख्य कोच जीन स्टॉलिंग्ज यांनी त्याला ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून ठेवून घेतलं. त्या नोकरीच्या जोरावर त्याने १९९५ मध्ये एमबीए पुरं केलं. (हे वाक्य पेन्सिलने अधोरेखित करा, पुन्हा लागणार आहे.) १९९६ पासून पूर्ण वेळचा सहायक कोच झाला. आणि २००० चा हंगाम वाईट गेला, तेव्हाचे मुख्य कोच गेले, त्यांच्याबरोबर सगळा ताफा गेला, त्यात हाही. आठ हंगाम राबून एकतिसाव्या वर्षी घरी.

पुढची दोन वर्षं हा माणूस बर्मिंगहॅममध्ये एका कंपनीत शॉपिंग सेंटरमधले गाळे भाड्याने लावत होता. त्याच्या आईला तेव्हा कोणी विचारलं असेल, ‘मुलगा काय करतो?’ तर तिने काय सांगितलं असेल, याचा मी तुमचं पत्र वाचल्यावर बराच वेळ विचार केला.

२००३ साली फोन आला तो टॉमी बाउडन यांचा. ते पूर्वी अलाबामात रिसीव्हरचे, म्हणजे पास पकडणाऱ्यांचे कोच होते, तेव्हापासून या पोराला ओळखत होते. आता क्लेम्सनचे मुख्य कोच. म्हणाले, ये. पुढे १३ ऑक्टोबर २००८ रोजी, ऐन हंगामात, बाउडन पायउतार झाले आणि कधी कोऑर्डिनेटरही न झालेल्या स्विनीच्या गळ्यात हंगामी मुख्य कोचपद पडलं. वर्षअखेरीला ते कायम झालं. २०१० मध्ये सहा जिंकले, सात हरले, आणि पुन्हा गाळे भाड्याने लावायची वेळ येते की काय अशी चर्चा गावभर होती. मग जानेवारी २०१७ मध्ये टॅम्पाला राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर कोण, तर अलाबामा. सेकंद उरला होता एक. विजयी टचडाउनचा पास ज्याने पकडला तो हंटर रेनफ्रो क्लेम्सनात वॉक-ऑन म्हणूनच आलेला. ३५-३१. दोन वर्षांनी पुन्हा अलाबामालाच ४४-१६ असं हरवलं.

मी ही गोष्ट तुमचा मुलगा स्विनी होईल म्हणून सांगत नाहीये. होणार नाही, असंच धरून चाला. मुख्य कोचच्या खुर्च्या मोजक्या आणि डोळा ठेवून बसलेले हजारो. मला दाखवायचंय ते मधलं पान, गाळ्यांचं. आणि त्या पानावर त्याच्या खिशात एमबीए होतं ते.

या धंद्यात नोकरी जाते. म्हणजे जातेच, केव्हा, एवढाच प्रश्न. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने मुख्य कोच जिम्बो फिशर यांना काढलं आणि कराराप्रमाणे त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. वर्तमानपत्रांत तो आकडा आला. पण अशा प्रत्येक वेळी मुख्य कोचच्या मागे जी पंचवीस-तीस माणसं असतात, ज्यांची मुलं गावच्या शाळेत रुळलेली असतात, त्यांना असले कोटी मिळत नाहीत. त्यांनी पेट्या बांधायच्या. भारतीय वंशाचे संजय लाल यूसीएलए आणि वॉशिंग्टन या विद्यापीठांत खेळले आणि पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये, रिसीव्हरचे कोच झाले. आपल्या माणसाचा अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण कुठे कुठे? रेडर्स, जेट्स, बिल्स, कोल्ट्स, काउबॉइज, सीहॉक्स. म्हणजे कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, बफेलो, इंडियाना, टेक्सस, सिॲटल. एका माणसाचं बिऱ्हाड किती वेळा हललं असेल ते मोजा. ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत त्यांची यादी याहून लांब असते, आणि त्यातली गावं याहून लहान.

आणि जीएचं काम? पगार विचारल्यावर तो हसला ते बरोबरच आहे. महिन्याचं मानधन म्हणजे भाडं आणि पेट्रोल. पहाटे अंधारात ऑफिस, पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने लावायचे आणि एकेक डाव थांबवून लिहायचं: कितवा डाऊन (म्हणजे कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या रेघेवर, मैदानात कोण कोण, रचना कोणती. एका सामन्यात असे सव्वाशे-दीडशे डाव, आणि सामने चार-पाच तरी. मग दुपारी सरावाला प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेणाऱ्या राखीव मुलांसाठी पुठ्ठ्यांवर चित्रं काढायची, कोण कुठून कुठे धावणार त्याची. विमानतळावरून शाळकरी पाहुण्यांना, म्हणजे संघात ओढायच्या मुलांना, आणायचं. मोठ्या कोचची कॉफी आणायची, हेही खरं. खेळाडूंच्या सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. कोचला कसलीच नाही. माझा एक जीए संख्याशास्त्राचा गृहपाठ संघाच्या बसमधून पाठवायचा आणि मंगळवारच्या वर्गात मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचा. अशी झोप मी त्याआधी फक्त मुंबईच्या लोकलमध्ये पाहिली होती.

तो आज एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि तिथला कोच आहे, समाधानात आहे. दुसरा आठव्या महिन्यात सोडून गेला, विमा विकतो, तोही समाधानात आहे. तिसऱ्याचं लग्न मोडलं. तिघांचंही मी सांगितलं, कारण आईने विचारलंय.

काही जण या धंद्यात ठरवून येतच नाहीत. निक सेबन केंट स्टेटमधून खेळले, पदवी झाली, पण बायकोचं कॉलेजचं एक वर्ष उरलं होतं म्हणून १९७३ साली तिथेच जीए म्हणून थांबले. २०२४ मध्ये निवृत्त झाले ते सात राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन. आणि काही जण पायरी उतरून पुन्हा चढतात. जॉर्जिया विद्यापीठाचे मुख्य कोच कर्बी स्मार्ट स्वतः चांगले खेळाडू होते, तरी एनएफएलच्या संघात टिकले नाहीत. व्हल्डोस्टा स्टेट या छोट्या विद्यापीठात डिफेन्सचे कोऑर्डिनेटर झाले होते, आणि तिथून पुन्हा फ्लॉरिडा स्टेटला साधे जीए म्हणून गेले, मास्टर्स पुरं केलं. आपल्याकडे मॅनेजरचा पुन्हा क्लार्क झाला तर घरात सुतक पाळतील. इथे त्याला कोणी खाली उतरला म्हणत नाही, कोणाच्या हाताखाली काम केलं ते बघतात.

मग पाठवायचं की नाही? ते तुम्ही किंवा मी ठरवायच्या आधी एक करा. एखाद्या रविवारी जेवण झाल्यावर त्याला टेबलावर वाट्या, चमचे, भांडी मांडून द्या, बावीस जमतील तेवढी, आणि म्हणा, तुमच्या हंगामातला एखादा फसलेला डाव मला समजावून सांग. डाव कळला नाही तरी चालेल. तो कोणाबद्दल बोलतो ते ऐका. ‘मला आत घेतलं असतं तर मी इथे असतो’ असं वारंवार आलं, तर समजा की त्याचं खेळणं अजून संपलेलं नाही, लॉकर रूम सोडवत नाहीये, आणि म्हणून तो जीए होतोय. अशी मुलं वर्षभरात कडवट होतात. तेव्हा नोकरी धरायला सांगा, शनिवारी सामने बघू दे. पण जर तो म्हणाला, ‘हा पहिल्या वर्षाचा पोरगा आहे ना, त्याचा पाय आधीच वळायचा, मी त्याला सांगितलं नजर चेंडूवर नको, समोरच्याच्या कमरेवर ठेव,’ आणि त्या पोराचं पुढे जमलं हे सांगताना याचा चेहरा फुलला, तर तुमचा मुलगा चार वर्षं बाकावर बसून हेच शिकलाय. मग त्याला अडवू नका.

माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो, त्या खुणांमुळे. तसं निघालं तर दोन वर्षं द्या, पण मोजून. दोन वर्षांनी त्याला कुठेतरी पगारी कोचपद मिळालेलं असावं किंवा मिळण्याच्या जवळ असावं, नाहीतर अकाउंटिंग. २०२४ पासून मोठ्या संघांत किती जणांनी मैदानावर प्रत्यक्ष शिकवायचं यावरची जुनी मर्यादा उठलीय. पूर्वी मुख्य कोच आणि मोजके जीए सोडून दहाच असत. त्यामुळे शिकायची संधी वाढलीय, आणि स्पर्धकही.

आता पेन्सिलने अधोरेखित केलेलं. जीए व्हायचं तर मास्टर्सला प्रवेश घ्यावाच लागतो, आणि बहुतेक ठिकाणी फी विद्यापीठ भरतं. मोठी कमाई ती हीच. फी पूर्ण माफ की अर्धी, उन्हाळ्याची सत्रं धरून की सोडून, हे पत्रात लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं: मुख्य कोचला काढलं तर याची फीमाफी चालू राहणार का? हा प्रश्न बावीस वर्षांचा मुलगा विचारत नाही, त्याला अपशकुन वाटतो. त्याला विचारायला लावा. आणि विषय कोणता? जीए मंडळींना सोपी पदवी घ्यायचा मोह होतो, सकाळी सही केली की झालं अशी. माझ्या वर्गात येणारे सगळे चुकून आलेले नव्हते, पण बरेचसे होते. तुमच्या मुलाने अकाउंटिंगचं किंवा एमबीएचं मास्टर्स घ्यावं. सीपीएच्या, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाच्या, परवान्यासाठी बहुतेक राज्यांत दीडशे क्रेडिट-तास लागत असत, आता काही राज्यांनी ती अट सैल केलीय. नुसत्या पदवीने साधारण एकशेवीस होतात. ती अट लागू असेल तर उरलेले तीस एरवी तुमच्याच खिशातून जाणार होते. हे गणित यजमानांपुढे मांडा, भावनेचं काही बोलू नका. आरोग्यविमा सव्वीस पुरी होईपर्यंत तुमच्याच पॉलिसीत चालतो, तेही सांगा. कंपनीला ‘दोन वर्षांनी आलो तर?’ असं एक ईमेल टाकायला हरकत नाही. नाही म्हणतील, आणखी काय!

यजमानांच्या अबोल्याबद्दल. मला वाटतं त्यांना पैशापेक्षा तो सीनियर डे टोचतोय. परदेशात येऊन मुलासाठी इतकं केलं आणि भरल्या स्टेडियममध्ये तो कडेला उभा राहिलेला पाहावा लागला, हे बापाला लागतं, आणि बाप ते रागाच्या रूपातच बाहेर काढतो. त्यांना समजवायला जाऊ नका. विद्यापीठाकडून करारपत्र आलं की ते मुलाच्या हातून त्यांच्यासमोर ठेववा. ‘बाबा, यातलं हे कलम मला कळत नाही,’ एवढंच त्याने म्हणावं. पंचवीस वर्षं या देशात कागदपत्रं भरलेला माणूस कलम वाचल्याशिवाय राहणार नाही, आणि वाचलं की बोलल्याशिवायही राहणार नाही. पहिलं वाक्य बहुधा ‘हे असं सही करायचं नसतं’ असं असेल. चालेल.

राहता राहिल्या आत्याबाई. त्यांना सांगा, मास्टर्स करतोय आणि फी माफ झालीय. दोन्ही खरं आहे. सांगलीत काय किंवा शार्लटला काय, फी माफ म्हटलं की पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तरीही विचारलाच, तर म्हणावं, नीटचे नाहीत, पण मुलं पहाटे पाचला येतात.